गजापूरच्या खिंडीत काय पाहायचे?

दर जुलैमध्ये राज्यभरातले तरुण भर पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जातात. ही वाट चालणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण पोहोचल्यावर पाहायला काय असते? एक अरुंद खिंड, वाहता ओढा, एक स्मारक. रणांगणावर फारसे काही उरत नाही. उरते ती सांगितलेली गोष्ट. म्हणूनच ती पुरती सांगितली जाते की अर्धीच, हा प्रश्न महत्त्वाचा.

आज ती बहुधा हिंदू विरुद्ध मुसलमान अशी सांगितली जाते. १६६० साली चित्र वेगळे होते. पन्हाळ्याला वेढा घातला आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने. त्याच्या मदतीला राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन आले. वेढा फोडायला नेतोजी पालकरांसोबत धावून आला तोही एक सिद्दीच, सिद्दी हिलाल. त्या लढाईत त्याचा तरणाबांड मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. शिवाजी महाराज निसटले, बाजीप्रभूंनी खिंड अडवली आणि बांदलांच्या मावळ्यांसह तिथे प्राण दिले. तिकडे विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवून कोण बसले होते? सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. दोघेही मराठे, आदिलशाहीच्या बाजूचे. लढाई दोन सत्तांची होती, दोन धर्मांची नव्हती.

अर्ध्या गोष्टीची किंमत आपण मोजली आहे. पावनखिंडीला गजापूरची खिंडही म्हणतात. १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणविरोधी आंदोलनाच्या दिवशी, जमावाने याच गजापूरच्या मुसलमानवाडीत घरे फोडली, मशिदीची नासधूस केली. अतिक्रमण असेल तर ते कायद्याने हटवावे, मग ते कोणाचेही असो. पण गडाखालच्या वस्तीतल्या बायकामुलांचा त्याच्याशी काय संबंध? बाजीप्रभूंच्या बलिदानाच्या स्मरणाचे ते दिवस. त्या दिवसांत त्यांच्या खिंडीच्या गावात हे घडावे, याची लाज सगळ्याच कोल्हापूरकरांना वाटायला हवी.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता जगभरातून लोक येतील. तीन दरवाजावरचा फारसी शिलालेख पाहून 'यात काय लिहिलंय?' असे विचारतील. त्याचा मराठी अनुवाद शेजारी लावायला कितीसा खर्च येतो? पन्हाळा आणि पावनखिंडीतल्या फलकांवर बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांच्यासोबत सिद्दी हिलाल आणि वाहवाह यांची नावे हवीत, सुर्वे-दळवींचीही हवीत. यात कोणाचा मोठेपणा कमी होत नाही. उलट महाराजांनी माणसे कशी जोडली, ते कळते.

सरकारकडे ही मागणी करू या. पण फलकाची वाट पाहत बसू नये. या जुलैमध्ये आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांनीही ही वाट चालावी. सोबतच्या मुलांना सिद्दी हिलालची गोष्ट सांगावी आणि त्यांच्याकडून बांदलांची ऐकावी.