शब्दविचार : ‘लिफ्ट’

मुंबईचा पाहुणा ‘लिफ्ट’ म्हणतो तें मजले चढविणारें यंत्र. रस्त्यावर हात करून वाटसरू ‘लिफ्ट’ मागतो ती गाडींतील जागा. कवठे महांकाळास मात्र ‘लिफ्टचें’ म्हणजे पाणी! म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें उचलून या अवर्षणग्रस्त तालुक्यास देतात. तिन्ही ठिकाणीं मूळ अर्थ एकच, उचलणें. मराठींत या योजनेस ‘उपसा सिंचन’ म्हणतात, आणि येथेंच एक सूक्ष्म भेद आहे. ‘लिफ्ट’ पाणी वर चढविल्याचें सांगते. ‘उपसा’ तें खालून काढल्याचें. विहीर उपसली म्हणजे रिकामी केली, हें घरांतील मुलेंही जाणतात. दुष्काळी मुलखानें शब्द खुशाल इंग्रजी वापरावा. अर्थ मात्र मराठी स्मरावा.