टीबीच्या गोळ्या मध्येच सोडलेल्यांनो, आजच तपासणीला या

भवानी पेठेतील विडी कामगार भगिनी, यंत्रमाग कामगार, कारखानदार आणि औषध दुकानदारांना कळकळीचे आवाहन.

तुमच्या घरात कोणी दोन महिने टीबीच्या गोळ्या खाऊन, बरे वाटले म्हणून बंद केल्या आहेत का? मग फडताळातली ती अर्धी पट्टी घेऊन त्यांना आजच्या आज सिव्हिल हॉस्पिटलात किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात न्या. डॉक्टर रागावतील म्हणून घरी बसू नका. उरलेल्या गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. आधी थुंकीची तपासणी.

‘गोळ्या पूर्ण खा’ हे सगळ्यांनी शंभरदा ऐकले आहे. का, ते मात्र कोणी सांगत नाही.

टीबीच्या जंतूभोवती मेणचट, जाड भित्तिका असते. प्रयोगशाळेत थुंकी काचपट्टीवर पसरून लाल रंग देतात आणि आम्लाने धुतात. इतर बहुतेक जंतूंचा रंग धुऊन जातो; हा मात्र निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काडीसारखा तसाच दिसतो. हा त्या भित्तिकेतल्या मायकोलिक आम्लांचा प्रताप. या आम्लांची लांबलचक साखळी दर फेरीला दोन कार्बनने वाढते आणि प्रत्येक फेरीची शेवटची पायरी ‘इन्ह-ए’ नावाचे एन्झाइम उरकते. त्याच्या खोबणीत आयसोनियाझिड हे औषध जाऊन बसते. साखळी खुंटते, भित्तिका अपुरी राहते, वाढणारा जंतू मरतो. इथॅम्ब्युटॉलची गोळी त्याच भित्तिकेतला साखरेचा थर बांधणारे दुसरे एन्झाइम अडवते.

पण आयसोनियाझिड पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. ते जागे करते जंतूचेच ‘कॅट-जी’ हे एन्झाइम. ज्या जंतूचे कॅट-जी बिघडलेले, त्याच्यावर गोळी चालत नाही. असा जंतू साधारण दहा लाखांत एखादा असतो आणि फुफ्फुसातल्या एका पोकळीत जंतू असतात कोट्यवधी. एका औषधातून सुटलेला दुसऱ्यात सापडावा, म्हणून चार औषधे एकदम. शिवाय काही जंतू सुस्त पडून असतात. ते भित्तिका बांधतच नाहीत, तर आयसोनियाझिड अडवणार काय? त्यांना संपवायला चारांतल्याच रिफाम्पिसिन या औषधाला महिने लागतात. खोकला थांबतो तेव्हा हे सुस्त जंतू जिवंतच असतात. गोळ्या सोडल्या, किंवा चारांतली एखादीच खाल्ली, की दाद न देणाऱ्यांना मोकळे रान मिळते. तोच जंतू मग शेजारी झोपणाऱ्या लेकराला लागतो आणि त्याच्यावर पहिल्या दिवसापासून नेहमीची औषधे कमी पडतात. तुमच्या रिपोर्टवर ‘कॅट-जी’ किंवा ‘इन्ह-ए’मध्ये बदल असे लिहिले असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा, गोळ्या बदलाव्या लागतात.

मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचा खोकला तंबाखूच्या नावावर खपतो, मागावरच्या माणसाचा कापसाच्या धुळीवर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, थुंकीतून रक्त, यातले काहीही असेल तर तपासून घ्या. गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे काही तासांत कळते. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात जमा करण्याची सरकारी योजनाही आहे. त्यासाठी नोंद करून घ्या.

लघवी केशरी झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कारखानदारांनो, टीबीच्या माणसाला कामावरून काढू नका. एकाला काढलेत तर बाकीचे खोकला लपवतील. औषध दुकानदारांनो, टीबीची औषधे २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय पट्टी देऊ नका. साध्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन तर मुळीच नको. त्याने टीबी काही दिवस झाकला जातो आणि अडीनडीचे औषधही बोथट होते.

ज्या घरांत तेलुगू बोलतात, तिथल्या शिकलेल्या मुलामुलींनी हे आवाहन आजी-आजोबांना तेलुगूत समजावून सांगावे.

शंका असेल तर मोफत फोन करा : १८००-११-६६६६.