मोठा सेन्सर की धाकटा?

कॅमेरा घ्यावयाचा म्हटले की ‘किती मेगापिक्सेलचा?’ हा प्रश्न आपल्या घरांतून सर्वांआधी विचारला जातो. आमच्या मते तो पहिला प्रश्नच नव्हे. निकॉनचे दोन कॅमेरे पाहा: २०१४ चा डी-७५० व २०१५ चा डी-७२००. आता ते नवे निघत नाहीत, वापरलेले मिळतात. दोन्ही सुमारे २४ मेगापिक्सेलचेच. तथापि आतील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा तुकडा, पहिल्यात सुमारे ३६ × २४ मिलिमीटरचा, तर दुसऱ्यात २३.५ × १५.६ चा आहे. क्षेत्रफळात पहिला सव्वादोन पटींहून थोडा अधिकच भरतो.

पागोळीखाली घंगाळ ठेवले आणि शेजारी तांब्या ठेवला, तर पाऊस तोच असूनही पाणी सारखे साचत नाही. प्रकाशाचेही तसेच. रामघाटावर सायंकाळी क्षिप्रेची आरती चालते, तेव्हा ज्योती हलतात, माणसे हलतात; शटर फार वेळ उघडे ठेवता येत नाही. तेवढ्याच क्षणात मोठा सेन्सर अधिक प्रकाश गोळा करतो आणि काळोखातला रवाळपणा कमी होतो. २०२८ चा सिंहस्थ टिपण्याची ज्यांना उमेद आहे, त्यांनी डी-७५० च्या जातीचा कॅमेरा खुशाल घ्यावा.

परंतु आपल्या घरांतील निकडीचे काम निराळे आहे. पेट्यांतून पिवळ्या पडत चाललेले आजोबा-पणजोबांचे फोटो आणि मोडीतील कागद यांच्या प्रती काढावयाच्या आहेत. ही मंडळी हलत नाहीत! तिवईवर कॅमेरा ठेवून शटर थोडे अधिक वेळ उघडे ठेवले, की धाकट्या सेन्सरची उणीव भरून निघते. शिवाय बारीक तपशील किंचित पुसट करणारी जाळी डी-७५० च्या सेन्सरपुढे आहे, डी-७२०० मध्ये ती नाही. म्हणून अक्षरांच्या कडा स्वच्छ उमटतात. लुगड्याच्या बारीक विणीवर मात्र कधी कधी खोट्या लाटा दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

१९५७ साली भीमबेटकाची शैलचित्रे उजेडात आणणारे डॉ. वि. श्री. वाकणकर याच उज्जैनचे. ते तर चित्रांच्या प्रती हाताने काढीत. त्या मानाने आपले साधन पुष्कळ आहे. तेव्हा धाकटा कॅमेरा घ्यावा, उरलेला पैसा चांगल्या भिंगात व भक्कम तिवईत घालावा आणि कामास लागावे. मोठा सेन्सर परवडेपर्यंत आपण थांबू शकतो; पेटीतली कसर थांबत नाही.