मळखाऊ रंग आणि रजेवरचा जवान



रायपूरच्या पोस्टिंगला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. बस्तरबद्दल लिहा, असं तुमच्यापैकी बरेच जण कळवतात. तेही लिहीन. आज मात्र मोटरसायकलवर बसताना अंगात काय घालावं, यावर लिहितोय. विषय किरकोळ वाटेल, पण रजेवर निघालेल्या जवानासाठी तो किरकोळ नाही. वर्षभर जंगलात किंवा बर्फात काढून धडधाकट घरी आलेला माणूस तालुक्याच्या गावी जाऊन येतो म्हणून बुलेट काढतो आणि परत येत नाही. अशी बातमी कुठल्या पलटणीने ऐकलेली नाही?

आधी आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे शंभरात जवळजवळ पंचेचाळीस. हेल्मेट नसताना गेलेल्यांची संख्याच पन्नास हजारांवर. म्हणून पहिली गोष्ट हेल्मेट, आणि त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही. पुण्यातल्या मित्रांनी रागावू नये.

आता माझं म्हणणं. जवानाने आणि माजी सैनिकाने गाडीवर बसताना चित्ताबित्ता जॅकेट, ओजी जर्सी आणि काळं हेल्मेट घालू नये. ते कपडे आपल्या अभिमानाचे आहेत, हे मान्य. पण ते बनवलेत न दिसण्यासाठी, आणि रस्त्यावर आपला जीव दिसण्यावर असतो.

रिक्रूटीत फील्डक्राफ्टचा धडा आठवा. उस्ताद विचारायचे, 'चीजें क्यों दिखाई देती हैं?' आणि आपण एका सुरात सांगायचो: शक्ल, साया, छायाकृति, चमक, सतह, फासला, हरकत. एनसीसी केलेल्यांनाही हे पाठ असेल. आपलं सगळं प्रशिक्षण या सात गोष्टी लपवण्याचं. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे घातले, तेव्हापासून आपल्याकडच्या फौजेने हाच रस्ता धरला. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला आलेला नवा कॉम्बॅट ड्रेसही त्याच कामाचा. रस्त्यावर हाच धडा उलटा वाचायचा.

समोरून येणारी मोटरसायकल ट्रकवाल्याला कशी दिसते, ते याच यादीवर ताडून पाहा. शक्ल म्हणाल तर एक अरुंद उभी रेघ, तीही ट्रकच्या काचेशेजारच्या खांबाआड सहज लपणारी. हरकत म्हणाल तर सरळ अंगावर येणारी वस्तू डावी-उजवीकडे सरकत नाही, जागच्या जागी नुसती मोठी होत जाते. डोळा सरकणारी वस्तू चटकन पकडतो, अशी वस्तू उशिरा पकडतो. फासला म्हणाल तर लहान वस्तू असते त्यापेक्षा लांब वाटते, आणि ट्रकवाला 'अजून वेळ आहे' म्हणून वळतो. यातलं शक्ल, फासला, हरकत आपल्या हातात फारसं नाही. सतह आणि चमक मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत. रंगाचा प्रश्न येतो तो इथे.

याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत १९८१ साली हॅरी हर्ट यांचा लॉस एंजेलिसमधल्या ९०० अपघातांचा अहवाल आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी त्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता. 'मला तो दिसलाच नाही' हे त्या चालकांचं नेहमीचं उत्तर.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १९९३ ते १९९६ या काळात अपघात झालेल्या आणि न झालेल्या चालकांची तुलना केली, ती २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. फ्लुरोसंट किंवा चमकपट्टीचे कपडे घालणाऱ्यांना गंभीर अपघाताचा धोका ३७ टक्के कमी आढळला. काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना २४ टक्के कमी, दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना २७ टक्के कमी. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू असतो, तो याच कारणाने. 'दादा, दिवा चालू राहिलाय' म्हणून ओरडणारे आता कमी झाले, हे बरंच झालं.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानदार सांगत नाही. साध्या कपड्याचा किंवा गाडीचा समोरून दिसणारा रंग कुठला, याने फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे लाल शर्ट घातला, काम झालं, असं नाही. लाल तर संध्याकाळी सगळ्यात आधी काळवंडतो. आणि चमकीले कपडे घालणारा माणूस मुळात जपून चालवणारा असू शकतो, तेही धरायला हवं.

इस्रायलमध्ये झालेल्या एका अभ्यासात आणखी वेगळं निघालं. शहराच्या रंगीबेरंगी गर्दीत पांढरे आणि चमकपट्टीचे कपडे लवकर दिसले, पण मोकळ्या रस्त्यावर, पाठीमागे उजळ आकाश असताना, काळे कपडे जास्त उठून दिसले. फौजी माणसाला यात नवल नको. ही आपली छायाकृतीच. टेकडीच्या माथ्यावर उभं राहू नका, असं उगाच सांगत नाहीत.

रायपुरात हे दोन्ही एका दिवसात अनुभवायला मिळतं. जयस्तंभ चौकात पाट्या, दुकानं आणि रिक्षांचा असा गोंधळ की काळं जॅकेट त्यात विरून जातं. नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर तेच जॅकेट लांबून दिसतं. सिलतरा-उरला पट्ट्यात कारखान्यांच्या धुळीने पिवळी जॅकेटही महिन्याभरात करडी होते. पावसाळ्यात धमतरीच्या वाटेला दोन्ही बाजूंना भाताची हिरवीगार शेतं असतात, तिथे पोपटी जॅकेटपेक्षा भगवट नारिंगी जास्त उठून दिसते. एकच रंग सगळीकडे चालेल असं नाही. कॅमोफ्लाज मात्र झाडी, धूळ आणि तिन्हीसांज, सगळीकडे मिसळायलाच केलेलं असतं.

रात्रीचा हिशोब वेगळा. फ्लुरोसंट कापड सूर्याच्या अतिनील किरणांवर उजळतं, म्हणून ढगाळ दिवशीही झळकतं. रात्री हेडलाइटमध्ये ते नुसतं फिकट कापड. तिथे कामाला येते चमकपट्टी, जिला आपण रेडियम म्हणतो. तिच्यात रेडियम नसतं, काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, आणि ते उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. छत्तीसगडच्या हायवेवर पावसाळ्यात गुरं येऊन बसतात. त्यांच्या गळ्यात रेडियमचे पट्टे बांधण्याची मोहीम इथे चालते. गाईला पट्टा आणि जवान काळ्या जॅकेटमध्ये, हे काही बरोबर नाही.

इथल्या ओळखीच्या एका मराठी काकांनी, तेही माजी सैनिकच, मला सुनावलं, "अरे, ठोकणारा मोबाईलमध्ये बघत असतो. तू नवरदेवासारखा सजलास तरी तो ठोकणारच." काकांचं अर्धं खरं आहे. जो बघतच नाही, त्याला कुठलाच रंग दिसत नाही. पण जो अर्धा सेकंद मान वर करतो, त्याच्यासाठी हा खटाटोप आहे. बुलेटप्रूफ पटका प्रत्येक गोळी अडवत नाही, म्हणून आपण तो काढून ठेवत नाही.

दुसरा आक्षेप घरातून येतो. काळं, करडं, नेव्ही ब्लू म्हणजे मळखाऊ, रोज धुवायला नको. खरं आहे. पण मळ खाणारा रंग उजेडही खातो.

मग करायचं काय? पुढचं हेल्मेट आयएसआयचं आणि पांढरं किंवा फिकट घ्या. त्याच्या मागच्या बाजूला चमकपट्टीचा तुकडा लावा. रेनकोट काळा घेऊ नका, पिवळा किंवा नारिंगी घ्या. जॅकेटवर पट्टी असली तरी पिठ्ठू चढवला की ती झाकते, म्हणून पिठ्ठूवरही पट्टी हवी. मागे बायको किंवा आई बसली की ट्रकवाल्याला तिची पाठ दिसते, तुमची नाही. तेव्हा दुसरा पट्टा तिच्यासाठी. घोट्याला पट्टी बांधली तर पाय टेकताना ती हलते, आणि हलणारं लवकर दिसतं. सगळ्यावरची धूळ पुसत राहा.

अनेक स्टेशनांत हेल्मेट आणि चमकपट्टा नसेल तर गेटवर अडवतात. आत वेग तीसचा, ओळखीचे रस्ते, शिस्तीचे चालक. आणि गेटच्या बाहेर पडल्याबरोबर आपले बहाद्दर पट्टा काढून डिकीत टाकतात, जिथून ट्रक सुरू होतात तिथेच. रजेच्या आधी जवानांना चार गोष्टी सांगितल्या जातात, त्यात ही पाचवी घाला, अशी माझी प्रत्येक सिनियर जेसीओ साहेबांना विनंती आहे. पट्टा बॅगेत भरून घरी पाठवा.

एवढं करूनही चौकात येताना, मी कुणाला दिसलेलो नाही, असंच धरून चालवा. समोरच्या ट्रकचं पुढचं चाक बघा, ते वळायला लागलं की चालक काय करणार ते कळतं. दिवाळीची रजा जवळ आली आहे. ज्यांची पोरं घरी येणार आहेत, त्यांनी त्यांच्या गाडीला आणि हेल्मेटला ती येण्याआधीच पट्ट्या लावून ठेवाव्यात.

जय हिंद.