मुकी झालेली पाच बटणं

आज सुरुवात कोड्याने करू या. एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याची क्यू, डब्ल्यू, ई, आर आणि टी ही शेजारशेजारची पाच बटणं एकाच दिवशी मुकी झाली. बाकीची ३५ अगदी ठणठणीत! पाच बटणं एकदम कशी बिघडली असतील? डोकं खाजवा. तोवर या कॉम्प्युटरची ओळख करून देतो.

याचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. १९८२ साली इंग्लंडमधल्या सिंक्लेअर कंपनीने तो बाजारात आणला. वहीएवढा काळा डबा आणि त्यावर रबराची ४० बटणं. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा आणि गाण्याची असते तशी कॅसेट ही त्याची साठवणीची जागा. आपल्याकडे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याचंच भावंड 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकायला आणलं. असा एखादा डबा आजही कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेला असेल, बरं का!

आता थोडं गणित. प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार द्यायची तर ४० तारा हव्यात, शिवाय एक सामाईक तार. केवढा गुंता! स्पेक्ट्रममध्ये मात्र फक्त १३ रेषांत काम भागवलं आहे. ते कसं? ८ आडव्या रेषा आणि ५ उभ्या रेषांची जाळी कल्पून बघा. त्या एकमेकींना किती ठिकाणी छेदतील? ८ गुणिले ५, म्हणजे बरोब्बर ४० ठिकाणी! प्रत्येक छेदावर एक बटण. बटण दाबलं की तिथल्या दोन रेषा एकमेकींना टेकतात. कॉम्प्युटर सेकंदाला ५० वेळा ही जाळी तपासतो आणि कुठलं बटण दाबलंय ते ओळखतो.

या रेषा प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर छापलेल्या असतात. पडद्यापासून दोन पट्ट्या निघतात, एक ८ रेषांची आणि एक ५ रेषांची. त्या खालच्या सर्किट बोर्डावरच्या खाचेत जाऊन बसतात.

सुटलं ना कोडं? बटणं बिचारी निर्दोष आहेत. आठ रेषांच्या पट्टीतली एकच रेषा तुटली, म्हणून तिच्यावरची पाचही बटणं गेली. आणि पाच रेषांच्या पट्टीतली एखादी तुटली असती तर? एकदम आठ बटणं गेली असती. म्हणजे बघा, डबा उघडण्याआधीच नुसत्या कागद-पेन्सिलीने रोग सापडला!

पण रेषा तुटते कशाने? वर्षानुवर्षं उष्णता लागून प्लास्टिक कडक होतं, जुन्या पापडासारखं. जिथे घडी असते तिथे तडा जातो. आणि खरी फजिती इथेच होते. घाईघाईने कुणी झाकण खस्सकन उचलतं, पट्टी ताणली जाते आणि धड असलेली रेषाही तुटते. दुरुस्ती करायला गेलो आणि बिघाड वाढवून आलो!

म्हणून आधी वीजजोडणी काढायची. झाकण इंचभरच उचलायचं. पट्टी खाचेजवळ धरून, न पिळता, सरळ वर ओढायची. मग उजेडासमोर धरून भिंगातून पाहायचं. तडा टोकाजवळ असेल तर धारदार कात्रीने तेवढंच टोक सरळ कापून पट्टी परत खाचेत बसवतात. बहुतेक वेळा मुकी बटणं बोलू लागतात! मात्र पट्टी आखूड असते, त्यामुळे ही युक्ती एक-दोनदाच चालते. तडा मधोमध असेल तर? डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला जाऊ नका, प्लास्टिक वितळेल. अशा वेळी सरळ नवा पडदा घालतात. या कॉम्प्युटरवर प्रेम करणारे लोक इतके आहेत, की असे पडदे आजही बनतात.

तुमच्या घरी स्पेक्ट्रम नसेल, पण हीच जाळी लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये आणि टीव्हीच्या रिमोटमध्येही असते. काही बटणं बंद पडली, तर 'मेला हा, टाकून द्या' म्हणण्याआधी एक करा. कागदावर सगळ्या बटणांचं चित्र काढा आणि बंद बटणांवर फुली मारा. फुल्या विखुरलेल्या आहेत की त्यांच्यात काही नातं दिसतंय? दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे जाताना तो कागद बरोबर न्या. त्यांचं निम्मं काम तुम्हीच केलेलं असेल.

आणि आई-बाबांनो, मुलांना उघडून पाहायचंच असेल, तर अडगळीतलं एखादं जुनं, सेल काढलेलं रिमोट द्या आणि शेजारी बसा. विजेच्या प्लगवर चालणाऱ्या वस्तूला मात्र मुलांनी एकट्याने हात लावायचा नाही.

जाता जाता एक सवाल: ६४ बटणांसाठी अशा जाळीत कमीत कमी किती रेषा लागतील? आधी स्वतः करा हं, मगच खालची ओळ वाचा!

(उत्तर: १६. आठ आडव्या, आठ उभ्या.)