खताच्या ढिगांतील उपेक्षित प्राणी

गांडुळाचें भाग्य मोठें. चार्लस डार्विनसारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञानें १८८१ सालीं त्याच्या कार्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि आज रोपवाटिकांतून गांडूळखताच्या पिशव्या लोक पैसे मोजून घरीं नेतात. परंतु त्याच ओल्या मातींत, त्याच कुजक्या पाल्यांत, कुंडी उचलली कीं दहा-वीस दिसावेत असा जो राखी रंगाचा, पाठीवर आडव्या पट्ट्यांचें चिलखत घातलेला लहानसा जीव, त्याच्या नशिबीं मात्र चप्पल किंवा किडे मारण्याची पूड ठरलेली. इंग्रज लोक त्यास वुडलाऊस म्हणतात. त्याच्या कांहीं जाती बोट लागतांच अंग मिटून मिरीच्या दाण्यासारखी गोळी होतात, म्हणून आम्ही या लेखापुरतें त्यास गोळीकिडा म्हणूं. पावसाळ्यांत अंगणांत वेटोळें करून पडणारा शेंकडों पायांचा पैसा तो हा नव्हे. या जीवाची बाजू मांडावी, व तो ज्या ढिगांत राहतो त्या ढिगाचीही मांडावी, असा आमचा हेतु आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, नांवांत किडा असला तरी हा कीटकच नव्हे. कीटकास पाय सहा, यास चौदा. हा खेकड्याचा व झिंग्याचा भाऊबंद. जलचरांच्या या कुळांतील ज्या थोड्या शाखांनीं जमिनीवर कायमची वस्ती केली, त्यांत याची शाखा सर्वांत यशस्वी ठरली. जगांत हिच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. तथापि जमिनीवर येऊनही पाण्याचा संबंध सुटला नाहीं. याचा श्वासोच्छ्वास पोटाखालच्या पातळ पडद्यांनीं होतो, आणि ते पडदे ओलसर राहिले तरच तो नीट चालतो. म्हणूनच नागपूरच्या वैशाखांत, जेव्हां पारा पंचेचाळीस अंशांस शिवतो, तेव्हां हा बिचारा फरशीखालीं व कुंडीच्या बुडाशीं दडी मारून बसतो आणि रात्रीं बाहेर पडतो. मादी आपलीं अंडीं पोटाखालच्या द्रवानें भरलेल्या पिशवींत वागविते. जणूं पूर्वजांचें पाणी तिनें बरोबर बांधून आणिलें आहे. पिल्लांस प्रथम पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी मागाहून येते. कात टाकतांनाही हा एकदम उघडा पडत नाहीं: आधीं मागील अर्ध्या अंगाची, मग पुढील अर्ध्याची. हा चावत नाहीं, डंख मारीत नाहीं, आणि घरांत चुकून शिरलाच तर कोरड्या फरशीवर फार काळ जगत नाहीं. शलमोन राजानें आळशी मनुष्यास मुंगीच्या शाळेंत धाडलें, तें योग्यच; पण कोणी एखादी कुंडी उचलून दाखविली असती, तर त्यास आणखी एक गुरुजी सांपडले असते.

नागपूरकरांस या गोत्राची ओळख अगदींच नवी नाहीं. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं येथें आले. धर्मकार्य व शिक्षण सांभाळून त्यांनीं टाकळीच्या दगडांतून शिंपले, बिया व किड्यांचे अवशेष वेंचले. त्यांचा या विषयावरील निबंध १८६० सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाच्या नियतकालिकांत छापला गेला. त्यास रूपर्ट जोन्स यांचें एक टिपण जोडलेलें आहे, तें राईएवढ्या कवचधारी जलचरांवर. ते जलचर खेकडा-झिंग्याच्याच वर्गांतले, म्हणजे गोळीकिड्याचे दूरचे आप्त. परदेशांतून आलेला एक पाद्री आमच्या गांवच्या दगडांत इतक्या बारीक जीवांचा शोध घेतो, आणि आम्हांस मात्र आपल्याच अंगणांतील जिवंत प्राणी पाहतांना किळस येते, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

आतां उपयोगाचा प्रश्न, कारण "असूं द्या हो शास्त्र, पण हा करतो काय?" असें कोणीही विचारील. याचें उत्तर आम्ही इंदूरहून आणतों. आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ पर्यंत इंदुरास शेतकी संशोधन करीत होते. त्यांनीं यशवंत वाड यांच्यासह शेतांतील टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याची जी रीत बसविली, तिजवरील दोघांचा ग्रंथ १९३१ सालीं निघाला आणि इंदूर-पद्धति म्हणून ती जगभर गेली. हॉवर्डसाहेबांचें नांव सर्वांस ठाऊक. वाडांचें मराठी मुलखांतही फारसें कोणी घेत नाहीं, हें जातां जातां नमूद करूं. त्या पद्धतींत एक अडचण होती. माळव्यांत काय नि वऱ्हाड-नागपुरांत काय, कापूस वेंचून झाला कीं पऱ्हाट्या उरतात, आणि त्या लाकडासारख्या कठीण. ढिगांत घातल्या तर लवकर कुजत नाहींत. यावर तोड अशी काढिली कीं, त्या शेतावरच्या रस्त्यांत पसरून ठेवावयाच्या. जातां-येतां गाड्यांच्या चाकांखालीं त्या चिरडल्या गेल्या कीं मग ढिगांत घालावयाच्या. बारीक झालेल्या वस्तूस सूक्ष्म जंतु व बुरशी चहूंकडून लागतात, आणि कुजण्याचें खरें काम त्यांचेंच आहे.

धरमपेठेंतल्या किंवा महालांतल्या घराच्या मागील दारीं बैलगाडी कोठून आणावी? तेथें ही गाडी गोळीकिडा ओढतो. कडुनिंबाच्या काड्या, आंब्याचीं चिवट पानें, नारळाच्या शेंड्या हें सर्व तो कुरतडतो. खाल्लेल्यांतून त्याच्या अंगीं थोडेंच लागतें. बाकीचें बारीक गुळ्यांच्या रूपानें बाहेर पडतें आणि त्यावर जंतूंची व बुरशीची झपाट्यानें वाढ होते. पुष्कळदां तो आपलीच विष्ठा पुन्हा खातो, म्हणजे तेंच दळण दोनदां दळतो. ऐकून नाक मुरडणाऱ्यांनीं आपली मेथी कशावर पोसते याचा शांतपणें विचार करावा.

आक्षेप दोन आहेत, व त्यांतला एक खरा आहे. संख्या फार वाढली तर गोळीकिडे कोंवळीं रोपें आणि जमिनीस टेकलेलीं मऊ फळें खातात. परंतु यावर उपाय सोपा आहे. रोपांचे वाफे ढिगापासून दूर व उंचावर करावेत, आणि तयार खत वापरण्यापूर्वीं तासभर उन्हांत पातळ पसरावें. हे जीव आपोआप सांवलीस पळतात. दुसरा आक्षेप, कीं हे दिसले म्हणजे खत बिघडलें, हा निराधार आहे. ढीग ऐन तापलेला असतां, आंत पंचावन्न-साठ अंश उष्णता असतां, तेथें गोळीकिडा टिकत नाहीं. तो कडेस असतो, किंवा ढीग निवाल्यावर येतो. त्याची गर्दी झाली तर इतकेंच समजावें कीं ढिगांत काडीकचरा जास्त आहे व तो थंड आहे. लवकर खत हवें असेल तर थोडें शेण कालवून पाणी द्यावें व ढीग उलथावा. संत्र्याच्या सालींनाही लोक उगाच भितात. त्या बारीक चिरून पाल्यांत मिसळल्या तर उत्तम कुजतात.

पूड टाकणें हा मात्र उपाय नव्हे. जें विष या जिवास मारितें तें तेथेंच खतांत राहतें, आणि तें खत आपण पालक-कोथिंबिरीस घालतों. शिवाय या प्राण्याचा एक गुण विचार करण्याजोगा आहे: तांबें, जस्त, शिसें, कॅडमियम हे धातु तो आपल्या शरीरांत सांठवून ठेवितो, इतके कीं, जमीन किती दूषित झाली हें जोखण्यास संशोधक त्याचा उपयोग करितात. ढिगांत टाकलेली रंगाची लाकडें, सेल व रंगीत गुळगुळीत कागद नाहींसे झाले असें जें आपणांस वाटतें, त्यांची नोंद याच्या पोटांत असते.

आमचा खरा राग तर काडेपेटीवर आहे. फाल्गुनांत पानगळ सुरू झाली कीं सकाळीं रस्तोरस्तीं पाल्याचे ढीग पेटतात आणि मुलें त्या धुरांतून खोकत शाळेस जातात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, तरी ढीग पेटतच राहिले. कचरा व सांडपाणी यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संशोधन-संस्था १९५८ सालीं याच नगरांत स्थापन झाली. त्या नगरांत ही स्थिति शोभत नाहीं. जळालेल्या पाल्याची मूठभर राख उरते, कुजलेल्याचें घमेलेंभर खत होतें, आणि तेवढाच भार भांडेवाडीस जावयाचा वांचतो.

आमच्या पटांगणांतील कडुनिंबांचा पालाही आजवर जाळला जात आला आहे. यंदां तो जाळूं नये अशी आम्ही शिक्षकांस व व्यवस्थापकांस विनंति करितों. विहिरीमागें सांवलीची जागा रिकामी आहे. तीन बाजूंस विटांचा बिनचुन्याचा आडोसा, आठवड्यास दोन बादल्या पाणी, आणि नववीच्या वर्गांतून पाळीपाळीनें ढीग उलथणारे चार विद्यार्थी, एवढ्यानें काम भागेल. माळीबुवांशीं आम्ही बोललों आहों. विटांचें काय तें ठरलें म्हणजे ते त्याच दिवशीं फावडें देण्यास तयार आहेत. गोळीकिड्यांस निमंत्रण धाडण्याची गरज नाहीं.