क्रेन तपासली, माणूस कोण तपासणार?

ऊर्जानगरच्या माणसाला क्रेनचे अप्रूप नाही. 1980 च्या दशकात महाऔष्णिक वीज केंद्राचे पहिले संच उभे राहिले, 2016 मध्ये आठवा आणि नववा संच सुरू झाला. भोवती कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि आता गडचिरोली जिल्ह्यात कोनसरीचा पोलाद प्रकल्प. जड ओझी उचलण्यावर ज्यांचे पोट आहे अशी कितीतरी कुटुंबे हे सदर वाचतात. म्हणून आज ताप-खोकला बाजूला ठेवून या माणसांच्या आरोग्याविषयी लिहितो.

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर बसविणारे यंत्र कोसळले आणि 20 जणांचा बळी गेला. एवढे मोठे अपघात वर्तमानपत्रात येतात. स्लिंगमध्ये सापडून बोट गेलेला, झुलत्या ओझ्याने छातीला मार बसलेला माणूस मात्र थेट दवाखान्यात येतो. त्याची बातमी होत नाही.

ओझे उचलणे हे एकट्या चालकाचे काम नव्हे. ओझे बांधणारा खलाशी, इशारा देणारा सिग्नलमन आणि चालक असे तिघे मिळून ते काम होते. त्यात खलाशाचे गणित कच्चे असले तर काय होते पाहा. एक टनाचे ओझे दोन उभ्या दोरांवर टांगले, तर प्रत्येक दोरावर अर्धा टन भार येतो. तेच दोर तिरके होऊन आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करू लागले, की प्रत्येक दोरावर पूर्ण एक टन येतो. ओझे तेच, दोर तोच, भार मात्र दुप्पट! क्रेनचेही तसेच आहे. बूम जितकी लांब पसरावी तितकी तिची उचलण्याची ताकद घटते. ही गोष्ट अनुभवाने कळते खरी, पण तो अनुभव कोणाच्या तरी हातापायाच्या मोलाने मिळतो. शिकवली तर दोन दिवसांत कळते.

आता शरीराकडे वळू. चालकाला दूरचे स्पष्ट दिसले पाहिजे, अंतराचा अंदाज आला पाहिजे, इशारा ऐकू आला पाहिजे. मधुमेहाच्या गोळीवर असलेला माणूस उपाशीपोटी कामावर गेला, तर साखर उतरून त्याला घाम सुटतो, हात कापतात, गोंधळल्यासारखे होते. फिट येणाऱ्या माणसाने क्रेनवर बसूच नये. रात्रपाळीची अपुरी झोप दारूइतकीच घातक. त्यात आपला उन्हाळा! मे 2019 मध्ये चंद्रपूरचा पारा 47 अंशांपुढे गेला होता. अशा दिवसांत पाणी कमी पडले की आधी लक्ष उडते, मग चक्कर येते.

कायदा काय सांगतो? 1948 च्या कारखाने कायद्याने क्रेन, साखळ्या व दोर यांची वर्षातून निदान एकदा तपासणी सक्तीची केली. बांधकाम कामगारांसाठीच्या 1998 च्या केंद्रीय नियमांनी चालकाची कामावर घेण्यापूर्वी आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी सांगितली. नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही विषयांवरील मूळ कायद्यांची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. म्हणजे कागदावर वाण नाही. परंतु माझ्याकडे येणाऱ्या खलाशांत प्रशिक्षणाचा दाखला दाखविणारा विरळाच. चालक बहुधा जड वाहनाचा परवाना पुढे करतात. तो परवाना रस्त्यावर गाडी चालविण्याचा, ओझे उचलण्याचा नव्हे. सिंगापूरने 2011 च्या नियमांनी चालकाबरोबर खलाशी, सिग्नलमन आणि देखरेख करणारा या सर्वांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. आपल्याकडे हे का होऊ नये?

ठेकेदार म्हणतात, शिकवलेला माणूस उद्या दुसरीकडे जातो, खर्च आमच्या माथी. मग दाखला माणसाच्या नावाचा असू द्या, साऱ्या कामांवर चालू द्या. आज तुमचा गेला तरी उद्या दुसऱ्याने शिकवलेला तुमच्याकडे येईल.

मला कामगारांची अडचण अधिक मोठी वाटते. तपासणीत दोष निघाला तर रोजी जाईल, या भीतीने ते आजार लपवितात. ही भीती खोटी नाही. म्हणून केवळ प्रमाणपत्राची सक्ती करून भागणार नाही. ज्याला चष्मा हवा त्याला चष्मा द्यावा, साखर किंवा रक्तदाब वाढलेल्याला उपचार द्यावेत, ते आटोक्यात येईपर्यंत त्याच पगारावर खालचे काम द्यावे. नोकरी जाणार नाही ही हमी नसेल, तर कामगार खरे सांगणार नाही आणि डॉक्टरची सहीही पोकळ ठरेल.

तोवर एवढे पाळा. टांगलेल्या ओझ्याखाली उभे राहू नका. इशारा एकानेच द्यावा, पण 'थांबा' हा इशारा कोणीही दिला तरी चालकाने थांबावे. ओझे हाताने न धरता दोरीने सावरावे. बोट तुटलेच तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. उंचावरून पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका, मान व पाठ सरळ ठेवून फळीवरून न्या.

दोराला वर्षाची तपासणी आहे. दोर बांधणाऱ्या हातांना ती नसावी, हे मला पटत नाही.